शुगर एकाची, आलेख घराचा

तपासणीच्या आधीचे तीन दिवस आपल्याकडचा मधुमेही माणूस संतपदाला पोचलेला असतो. चहा बिनसाखरेचा, भात बंद, संध्याकाळी तासभर चालणं, गोळी घड्याळ लावून. चौथ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, जेवून पुन्हा द्यायचं आणि लॅबच्या पायऱ्या उतरताच समोरच्या टपरीवर नेहमीचा कडक गोड चहा सांगायचा. हातात पडणारा रिपोर्ट त्या तीन दिवसांचा असतो. बाकीच्या तीन महिन्यांबद्दल तो अवाक्षर काढत नाही. डॉक्टर ‘छान’ म्हणतात, रोगी खूश होतो, घर निर्धास्त होतं. यात कोणी कोणाला फसवलं असं विचारलं तर सगळे हसतात, कारण सगळेच सामील असतात.

‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणजे एचबीएवनसी ही चाचणी आली आणि ही लबाडी थोडी अवघड झाली. तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे हे ती मोजते, त्यामुळे तीन दिवसांचं पथ्य तिच्यापुढे चालत नाही. पण ती सरासरी सांगते, आणि सरासरी बरंच काही लपवते. एचबीएवनसी ७ म्हणजे साखरेची सरासरी साधारण १५४. एखाद्याची साखर दिवसभर १२० ते १९० मध्ये फिरते, दुसऱ्याची पहाटे ५५ पर्यंत घसरते आणि दुपारी २९० वर जाते. दोघांचा कागद सारखाच येतो. शिवाय रक्तच कमी असेल तर हा आकडा फसवा ठरतो. लोहाच्या कमतरतेत तो खऱ्याहून वर दिसू शकतो, तांबड्या पेशी लवकर फुटण्याच्या आजारात खाली. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ भारतीय स्त्रियांना पंडुरोग आढळला. ज्या चाचणीवर औषधाची मात्रा ठरते, ती चाचणी निम्म्याहून अधिक बायकांच्या बाबतीत जपून वाचावी लागते, हे किती दवाखान्यांत लक्षात घेतलं जातं?

आता दंडाला चिकटवायचा नाण्याएवढा सेन्सर आला आहे. त्याची केसासारखी तार कातडीखाली जेमतेम पाच मिलिमीटर जाते आणि पेशींच्या मधल्या द्रवातली साखर सतत मोजत राहते. पंधरा मिनिटांनी एक नोंद धरली तरी दिवसाच्या ९६ आणि चौदा दिवसांच्या १,३४४ नोंदी होतात. मोबाइलवर रेघ उमटते: कधी चढली, कधी उतरली, रात्री झोपेत काय झालं, सकाळच्या पोह्यांनी काय केलं. काही मर्यादा आहेत. रक्तातल्या साखरेच्या मागे ही रेघ पाच-दहा मिनिटं असते, म्हणून साखर झपाट्यानं बदलत असताना, किंवा लक्षणं एक सांगतात आणि रेघ दुसरंच सांगते तेव्हा, बोटाला टोचून खात्री करावी. सेन्सरच्या कुशीवर झोपलात तर दाबामुळे रेघेत खोटा खड्डा पडतो. मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, घामानं चिकटपट्टी सुटते हीही अडचणच. पण चौदा दिवस कोणालाच संत राहता येत नाही, आणि राहिलात तर उत्तमच.

या रेघेतून औषधाची मात्रा कशी ठरवायची हा डॉक्टरांचा विषय. मला बोलायचं आहे ते तिच्यावर उमटणाऱ्या घराबद्दल. साखर एकाच्या रक्तात वाढते आणि ठपकाही त्या एकावर येतो: “पथ्य पाळत नाही, जिभेवर ताबा नाही.” सेन्सरच्या वेळांसहित नोंदी नीट वाचल्या तर या ठपक्यातला मोठा वाटा भलत्याच माणसाच्या नावावर मांडला जातो, असं दिसतं.

उदाहरण मुद्दाम झाशीचं घेतो. अठराव्या शतकाच्या मध्याला नारो शंकरांनी तिथं शहर वसवलं, वाढवलं, तेव्हापासूनची मराठी घरं तिथं आहेत. पुढे जीआयपी रेल्वेनं आणि मग मध्य रेल्वेनं बदलीवर आणलेल्यांची त्यांत भर पडली. २००३ मध्ये उत्तर मध्य रेल्वे निराळी होईपर्यंत झाशी विभागाचा कारभार मुंबईच्या मुख्यालयाकडे होता. या घरांत वरणभात आणि बुंदेलखंडी बरा-कढी एकाच ओट्यावर शिजतात, आणि जेवणाचा क्रम मात्र दोन्ही मुलखांच्या संमतीनं ठरलेला असतो.

असं एक घर डोळ्यांपुढे आणा. सासरे रेल्वेतून निवृत्त, मुलगा नोकरीत, सून शाळेत शिकवते, दोन मुलं, आणि पासष्टीच्या सासूबाई, ज्यांना दहा वर्षं मधुमेह आहे. त्यांच्या दंडाला सेन्सर लावला. दोन आठवड्यांची रेघ काय सांगते? दिवसभर बरी आहे. रात्री अकरानंतर चढू लागते, बाराच्या सुमारास २६० ला टेकते, तीनपर्यंत खाली यायचं नाव घेत नाही. सकाळची उपाशीपोटीची शुगर त्यामुळे जास्त. डॉक्टरांकडे आजवर हाच सकाळचा आकडा जात होता, आणि त्यांनी रात्रीची गोळी वाढवली होती. पुढच्या भेटीला इन्शुलिनचा विषय निघणार होता.

रात्री अकराला काय होतं? नऊ वाजता पुरुष आणि मुलं बसतात. पोळी गरम हवी, तव्यावरून थेट ताटात. सून तव्यापाशी, सासूबाई वाढायला. मुलाला यायला उशीर झाला तर पुन्हा तवा तापतो. मग ओटा आवरायचा, विरजण लावायचं, सकाळच्या डब्याची तयारी. “आई, तुम्ही तरी आधी बसा,” सून म्हणते. “असू दे गं, तुझ्याबरोबर बसते,” असं उत्तर येतं. दोघींची पानं पावणेअकराला मांडली जातात. तोपर्यंत कोशिंबीर संपलेली, भाजी तळाला, उसळीचा रस्सा तेवढा उरलेला. भात मात्र असतो. तो टाकवत नाही आणि सकाळी कोणी खात नाही, म्हणून तो यांच्याच पानात येतो. अकराला जेवण, साडेअकराला अंथरुणाला पाठ.

आता पथ्य कोणी मोडलं ते सांगा. या बाईनं मिठाईला हात लावलेला नाही. तिनं घराची रीत पाळली, आणि त्या रीतीवर डॉक्टर गोळ्या वाढवत गेले. गरम पोळीच्या हट्टाला रक्तातल्या साखरेत मोजता येईल असा आकडा आहे आणि तो दुसऱ्याच कोणाच्या अंगात चढतो, ही गोष्ट आजवर कागदावर आलीच नव्हती.

उशिराच्या जेवणाचा हा परिणाम केवळ समज नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये वीस निरोगी माणसांना तेच जेवण एकदा संध्याकाळी सहाला आणि एकदा रात्री दहाला देऊन पाहिलं. दोन्ही वेळा झोप अकराचीच. २०२० मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात दहाच्या जेवणानंतर साखरेचं शिखर सुमारे १८ टक्क्यांनी उंच होतं. ही निरोगी माणसं होती. ज्यांचं इन्शुलिन आधीच अपुरं पडतं त्यांच्याबद्दल आणखी काय सांगावं? आपल्याकडे बायका घरात शेवटी जेवतात का, हा प्रश्न भारत मानव विकास सर्वेक्षणात थेट विचारला गेला आहे, म्हणजे समाजशास्त्रज्ञांना ही गोष्ट ठाऊक आहे. मधुमेहाच्या ओपीडीत ती विचारली जात नाही.

झाशीत राणीच्या नावाचं काय नाही? मेडिकल कॉलेज तिच्या नावाचं, स्टेशन आता तिच्या नावाचं, उद्यान आहे, चौकात घोड्यावरचा पुतळा आहे. ज्या गणेश मंदिरात १८४२ मध्ये तिचं लग्न लागल्याचं सांगतात, तिथं गणेशोत्सव होतो, आरत्या मराठीत होतात. तिच्या शौर्यावर भाषणं ठोकून घरी आलेला गृहस्थ पाटावर बसतो आणि हाक मारतो, “पोळी!” राणीचा अभिमान बाळगायला खर्च येत नाही. पोळ्या आधी करून डब्यात ठेवाव्यात आणि सगळ्यांनी आठला एकत्र बसावं, याला मात्र घरात एवढा विरोध होतो की विचारू नका. “गार पोळी घशाखाली उतरत नाही” हे वाक्य मी फार शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे.

दुसरा विषय उपवासाचा. तो काढला की श्रद्धेवर घाला घातल्याचा आरोप येतो, म्हणून आधीच सांगतो: ज्याला उपवास करायचा त्यानं करावा. पण उपवासाच्या दिवसाची रेघ एकदा शांतपणे पाहावी. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर, संध्याकाळी रताळ्याचा कीस, मध्ये केळं आणि गोड चहा. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट पदार्थ. त्याचं पचन झटपट आणि चढणही तशीच. दाण्याचं कूट तेवढं थोडं आवरतं. अनेक मधुमेह्यांच्या पंधरवड्यात सर्वांत उंच डोंगर एकादशीचा किंवा चतुर्थीचा निघतो, आणि ते चकित होतात, कारण त्यांच्या हिशेबी त्या दिवशी त्यांनी काही खाल्लेलंच नसतं. बुंदेलखंडात हाच दिवस समाच्या तांदळावर, म्हणजे आपल्या भगरीसारख्याच धान्यावर, आणि शिंगाड्याच्या पिठावर जातो. मुलूख बदलला तरी रेघ बदलत नाही.

याच्या उलट टोक हरतालिकेचं. दिवसभर पाणीसुद्धा नाही, आणि सकाळची गोळी मात्र सवयीनं घेतलेली. ती ग्लिमेपिराइड किंवा त्याच कुळातली असेल तर ती पोटात अन्न आहे की नाही ते बघत नाही. स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. दुपारी हातापायांना कंप, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी. घरात याला ‘उपवासाचा शीण’ म्हणतात. सेन्सरवर तो ५२ असा दिसतो. ७० च्या खाली साखर गेली की ताबडतोब साखरपाणी द्यायची वेळ, ५४ च्या खाली तर मोठाच धोका. मेटफॉर्मिन एकटीच चालू असेल तर हा धोका फार कमी असतो, पण आपल्या पाकिटात नेमकी कोणती गोळी आहे हे किती जणींना माहीत असतं? आणि लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांवर असताना निर्जळी करणं हा आणखी वेगळा धोका आहे. व्रत करणाऱ्या बाईनं आठवडाभर आधी डॉक्टरांना गोळीबद्दल विचारावं, डॉक्टरांनी नाक न मुरडता उत्तर द्यावं. नवऱ्याच्या दीर्घायुष्यासाठी उपाशी राहणाऱ्या बाईच्या जिवाला धोका असेल, तर त्या नवऱ्याला यात काही म्हणायचं असेल अशी माझी तरी समजूत आहे.

जेवणाच्या क्रमाचीही एक गंमत आहे. आपल्या पंगतीत आधी वरणभात, वर तूप, लिंबू, मग पोळी-भाजी, शेवटी ताकभात. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ मध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात तेच जेवण उलट्या क्रमानं दिलं, म्हणजे भाज्या आणि प्रथिनं आधी, पिष्ट शेवटी. जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. कोशिंबीर, उसळ, वरणाची वाटी आधी संपवून भात नंतर घ्यायला एक पैसा पडत नाही. सेन्सर असेल तर दोन दिवस असं, दोन दिवस तसं करून स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतं. जेवल्यावर पंधरा मिनिटं चालण्याचंही तसंच. कोणी सांगितलं म्हणून न चालणारा माणूस स्वतःची रेघ उतरताना पाहून चालतो.

इथवर सेन्सरची बाजू मांडली. पण हीच रेघ घरात पोलिसही होऊ शकते. मोबाइलवरची नोंद नातेवाइकांच्या मोबाइलवर दिसावी अशी सोय असते. लहान मुलाच्या आईला ती वरदान. रात्री दोनला गजर होतो आणि ती उठून साखर देते. पण तीच सोय सुनेवर, म्हाताऱ्या वडिलांवर, नवऱ्यावर लावली की दुपारी तीनला दुसऱ्या शहरातून फोन येतो: “बाबा, आत्ता काय खाल्लंत? एकशेनव्वद दाखवतंय.” बाबा मग दोन गोष्टींपैकी एक करतात. चोरून खातात आणि मोबाइल बंद ठेवतात, किंवा सेन्सर उपटून टाकतात. दोन्ही प्रकारांत माहिती जाते. साखर जेवणानं चढते, तशी तापानं चढते, जागरणानं, भांडणानं, स्टेरॉइडच्या गोळीनंही चढते. पहाटे तर काहीही न खाता, शरीराच्या स्वतःच्या संप्रेरकांमुळे चढते. प्रत्येक चढणीला गुन्हेगार शोधायचाच असेल तर आलेख न लावलेला बरा. रेघ कोणाला दाखवायची हे ज्याच्या दंडाला सेन्सर आहे त्यानंच ठरवावं, मग ते माणूस सत्तरीचं असो की सतराचं.

सतराचं म्हटलं आणि टाइप-१ च्या मुली आठवल्या. या मधुमेहाचा खाण्याशी, आळसाशी, कशाशीही संबंध नाही. शरीर स्वतःच्याच इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करतं आणि इन्शुलिन टोचलं नाही तर मूल जगत नाही. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ मध्ये ड्रीम ट्रस्ट सुरू केला तो गरीब घरांतल्या अशाच मुलांना इन्शुलिन मिळावं म्हणून. मुलगी असली की खर्च करताना घराचा हात कसा आखडतो, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या सगळ्यांनी पाहिलं आहे. आणि खर्च केला तरी लपवायचं: शाळेत सांगायचं नाही, शेजारी सांगायचं नाही, स्थळाला तर नाहीच. लांब बाह्यांखाली सेन्सर दडवायचा. लग्नानंतर सासरी बाथरूममध्ये चोरून इंजेक्शन घेणाऱ्या मुलीची साखर किती सांभाळली जाणार? ज्या घराला सत्य सांगता येत नाही, तिथं चौदाशे नोंदी गोळा करून काय उपयोग? र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं, ते शरीराची माहिती उघडपणे बोलता यावी याच आग्रहातून. तेव्हा विषय वेगळे होते. लपवण्याची खोड तीच आहे.

आपलं रक्त आपल्याला बघू द्या, ही मागणीही लढूनच मिळवावी लागली आहे. जुन्या पिढीला बेनेडिक्टचं निळं द्रावण आठवत असेल: परीक्षानळीत लघवीचे थेंब घालून उकळायचं, निळं राहिलं तर ठीक, विटकरी झालं तर संपलं. रक्तातली साखर मोजणारं पहिलं छोटं यंत्र १९७० च्या सुमारास अमेरिकेत आलं, पण ते फक्त डॉक्टरांना आणि रुग्णालयांना विकत मिळे. रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या एका मधुमेही इंजिनिअरनं ते आपल्या डॉक्टर पत्नीच्या नावावर मिळवलं, दिवसातून अनेकदा स्वतःची साखर मोजली आणि इन्शुलिनचे डोस त्याप्रमाणे बदलून प्रकृती सावरली. वैद्यकीय मासिकांनी त्याचं लिखाण परत पाठवलं. तेव्हा गडी पंचेचाळिशीत वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला आणि डॉक्टर होऊन बसला. २०२५ मध्ये, वयाच्या नव्वदीत तो वारला. टाइप-१ घेऊन जगलेलं हे आयुष्य. आपल्याकडे २०१५ च्या सुमारास जे सेन्सर पहिल्यांदा आले त्यांतही हाच प्रकार होता. दोन आठवडे दंडावर वागवायचा रोग्यानं, आणि आत काय साठलं ते दिसायचं डॉक्टरांच्या यंत्रावर. आता रेघ रोग्याला दिसणारा आणि न दिसणारा, असे दोन्ही प्रकार मिळतात. डॉक्टरांना बंद प्रकार का सोयीचा वाटतो ते समजू शकतं: रेघ दिसली की माणूस वागणं बदलतो आणि खरी सवय कळत नाही. पण मग पंधरवड्यानंतर ती रेघ रोग्याशेजारी बसून त्याला वाचून दाखवणं, हे डॉक्टर देणं लागतात.

हे वाचणं फारसं अवघड नाही. २०१९ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी सर्वसाधारण मधुमेह्यासाठी मापं ठरवली: दिवसाचा ७० टक्क्यांहून जास्त वेळ साखर ७० ते १८० च्या पट्ट्यात, ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी, १८० च्या वर पाव दिवसापेक्षा कमी. वयस्क आणि नाजूक प्रकृतीच्या माणसांसाठी ती सैल केली आहेत: पट्ट्यात निम्मा वेळ पुरे, पण ७० च्या खाली १ टक्काही नको. आजोबांची शुगर तरण्या माणसासारखी व्हावी म्हणून धडपडणाऱ्या मुलांनी हे दुसरं वाक्य पुन्हा वाचावं. आधी खड्डे पाहायचे, मग रात्र पाहायची, मग जेवणं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

नुसता सेन्सर लावल्यानं काही होत नाही, हेही तितकंच खरं. २०२१ मध्ये अमेरिकेत फक्त लांब पल्ल्याचं इन्शुलिन घेणाऱ्या १७५ टाइप-२ रोग्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ महिन्यांत सेन्सरवाल्यांची एचबीएवनसी ९.१ वरून ८ वर आली. बोट टोचणाऱ्यांचीही ९ वरून ८.४ वर आलीच. फरक आहे, पण जादू नाही. बोटाला टोचणारेही सुधारले, कारण कोणीतरी त्यांच्याकडे नियमानं बघत होतं. आपल्या सरकारी ओपीडीत एका रोग्याच्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात. त्यात आलेख कोण उघडणार?

आणि पैसा. पंधरवड्याच्या एका सेन्सरला काही हजार रुपये. ब्रिटनमध्ये २०२२ पासून टाइप-१ च्या प्रत्येक प्रौढाला तो सरकारी खर्चानं मिळावा अशी शिफारस आहे. आपल्याकडे बहुतेकांच्या खिशातून. दुसरीकडे मधुमेह नसलेली, व्यायामशाळेत जाणारी शहरी मंडळी तो हौसेनं लावून इडलीनंतरची रेघ समाजमाध्यमांवर टाकतात. त्यांनी खुशाल टाकावी. पण गरज कुठं आहे ते पाहा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी मधुमेही आहेत. गोव्यात प्रमाण सर्वाधिक, २६.४ टक्के, उत्तर प्रदेशात सर्वांत कमी, ४.८ टक्के. झाशीकरांनी यावर हुश्श करू नये, कारण त्याच पाहणीत उत्तर प्रदेशात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले सुमारे १८ टक्के निघाले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांतले रोगी आज रांगेत उभे आहेत.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज १९६८ पासून बुंदेलखंडाचा आधार आहे. अशा प्रत्येक सरकारी कॉलेजच्या मधुमेह विभागात गर्भवती, टाइप-१ ची मुलं आणि इन्शुलिनवरची वारंवार कोसळणारी माणसं यांच्यासाठी सेन्सर फुकट असावेत. बाकीच्यांना वर्षातून एकदा एक लावता आला तरी पुष्कळ. तोही परवडत नसेल त्यांनी साधा ग्लुकोमीटर आणि पट्ट्या घ्याव्यात, आणि एखाद्या नेहमीच्या दिवशी, पथ्याच्या नव्हे, सात वेळा मोजावं: तिन्ही जेवणांआधी, तिन्हींनंतर दोन तासांनी आणि झोपताना; एखादी रात्री तीनची. शेजारी वेळ लिहावी, ताटात काय होतं ते लिहावं, आणि एक रकाना असा ठेवावा जो कुठल्याच छापील वहीत नसतो: तुमच्या आधी घरात कोण कोण जेवलं.

ज्यांना सेन्सर मिळेल त्यांनी पहिला आठवडा काहीही न बदलता जगावं. आठव्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी मिळून रेघ पाहावी. दुसऱ्या आठवड्यात पोळ्या साडेसातला करून डब्यात ठेवायच्या, आठला सगळ्यांची पानं एकदम मांडायची, ज्याला जे लागेल ते त्यानं उठून घ्यायचं, आणि ओटा ज्यानं आजवर कधी आवरला नाही त्यानं आवरायचा. ज्याला यायला उशीर होईल त्याच्यासाठी झाकून ठेवायचं, गरम करून त्यानंच घ्यायचं. गोळ्यांना हात लावायचा नाही. चौदाव्या दिवशी दोन्ही आठवड्यांच्या रात्री एकमेकींवर ठेवून डॉक्टरांकडे न्यायच्या, आणि इन्शुलिनचा विषय मग काढायचा.